तीन नंबर तसाच राहिला

इंजिन उघडलं की शीकाकांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘शी!’ चार स्क्रू काढायचे, वरचं कवच उचलायचं, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचा, आत डोकावायचं, आणि ‘शी!’ समोर इंजिनाचा मालक उभा असला तरी तेच, बायको चहा घेऊन उभी असली तरी तेच. म्हणून तर छोट्या आगगाड्यांच्या हौशी क्लबात त्यांचं नाव शीकाका पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निदान एका माणसाला तरी घाण ही घाण दिसते, असं त्यांना वाटायचं.

आणि घाण काय थोडी असायची? तीस-चाळीस वर्षांपूर्वीची वीत-दीड वीत लांबीची इंजिनं, हुबेहूब खऱ्यासारखी. पण आत बघावं तर तेल सुकून त्याचा चिकट पिवळा गोंद झालेला. चाकांमध्ये गालिच्याचे तंतू, कुत्र्याचे केस, एकदा तर कापलेलं नख. त्यावर आधीच्या कुणीतरी केलेली दुरुस्ती म्हणजे आणखी आनंद. कुणी तारेला चिकटपट्टी गुंडाळलेली, कुणी सोल्डरचा डाग लावण्याऐवजी च्युइंगमसारखं काहीतरी दाबून बसवलेलं. काका चिमट्याने एकेक गोष्ट बाहेर काढून पांढऱ्या कागदावर मांडून ठेवायचे आणि मालकाला बोलावून दाखवायचे. “हे बघा. हे तुमचं. घरी घेऊन जा.”

तीस वर्षं त्यांनी बहिऱ्यांच्या कानातली यंत्रं दुरुस्त केली होती. दिवसभर दुसऱ्याच्या कानातला मळ खरवडायचा आणि वर गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. निवृत्त झाल्यावर मळ खरवडणं सुटलं नाही, गोड बोलणं तेवढं सुटलं. पण त्या कामाने हात असा तयार झाला होता की तांदळाएवढ्या जागेत तीन तारांचे डाग ते श्वास रोखून लावायचे, आणि एकही डाग दुसऱ्याला टेकायचा नाही.

काम तसं सांगायला सोपं. जुनी इंजिनं रुळातल्या विजेवर पळतात. वीज वाढवली की जोरात, कमी केली की हळू. एका रुळावर चार इंजिनं ठेवली तर चारही एकदम सुटतात, मेंढरांसारखी. काका इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसवायचे आणि प्रत्येकीला एक नंबर द्यायचे. मग हातातल्या कंट्रोलरवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन हुकूम ऐकतं, बाकीची आपापल्या जागी गप्प. जोडीला बटणाएवढा स्पीकर, म्हणजे इंजिन धापाही टाकतं आणि शिट्टीही मारतं. शिट्टीचं तर नाव काढू नका. प्रत्येकाला ती मोठ्यात मोठी हवी असायची. “अहो, खरं इंजिन दोन मैलांवरून ऐकू येतं, म्हणून काय तुमच्या दिवाणखान्यात दोन मैल घुसलेत?” असं काका ओरडायचे आणि आवाज निम्म्यावर आणून ठेवायचे.

या धंद्यात एक गोष्ट मात्र कायम ध्यानात ठेवावी लागते. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक कोऱ्या चिपचा नंबर तीन असतो. आणि चिप बिघडली म्हणून तिची पाटी कोरी केली, तरी ती पुन्हा तीनवरच येते. म्हणून काम संपलं की तीन पुसून इंजिनाचा स्वतःचा नंबर घालायचा. हे विसरणारा माणूस काकांच्या मते सोल्डरिंगची काडी हातात घ्यायच्या लायकीचा नव्हता. क्लबात तर नियमच होता, तीन नंबर कुणी ठेवायचा नाही, तो नव्या इंजिनांच्या चाचणीसाठी मोकळा.

आता टेलर. टेलरचं दुकान दोन गल्ल्या सोडून, आणि काकांचे कोट गेली बावीस वर्षं तोच शिवत होता. क्लबातही काकांनीच त्याला ओढून नेलं होतं. त्याच्याकडे एकच इंजिन होतं, भंगारातून उचललेलं, हलक्या प्लास्टिकचं, मालगाडीचं. त्याने ते स्वतः ब्रशने हिरवं रंगवलं होतं आणि जागोजाग रंगाचे ओघळ आले होते. काकांनी त्यात चिप बसवून दिली, बारा नंबर दिला. पण ते इंजिन दर दोन महिन्यांनी अडखळायचं, आणि काकांनी उघडलं की चाकांच्या दांडीला दोरे. लाल, निळे, काळे, एकावर एक गुंडाळलेले. कारण हा गृहस्थ रूळ मांडायचा कुठे, तर दुकानातल्या कापायच्या टेबलावर!

“शी! अरे, हे इंजिन आहे की दोऱ्याचं रीळ?”

टेलर हसायचा. “राहू दे की थोडे. तेवढीच ओळख.”

त्याच्या त्या हसण्याने काकांचं डोकं आणखीच तडकायचं. माणूस चांगला, शिवण तर अशी की उलट्या बाजूनेही बघत राहावं, पण इंजिनाच्या बाबतीत गबाळा तो गबाळाच. हे काकांनी क्लबात इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

मग क्लबाचं प्रदर्शन झालं. मोठ्या हॉलमध्ये बारा टेबलं जोडून त्यावर रूळ मांडलेले, दहा इंजिनं एकाच वेळी धापा टाकतायत, शिट्ट्या मारतायत, कानावर हात ठेवावे असा गोंगाट. काकांचं स्वतःचं इंजिन, ओतीव धातूचं, चांगलं जड, एकवीस नंबरचं, स्टेशनात नुसतं उभं होतं. ते दुपारी चालवायचं ठरलं होतं. काका मागच्या खोलीत कुणाचं तरी इंजिन उघडून नेहमीचा शब्द उच्चारत होते, तेवढ्यात बाहेर खाडकन आवाज झाला. मग दुसरा, जमिनीवर काहीतरी पडल्याचा.

बाहेर येऊन बघतात तो काकांचं इंजिन स्टेशनातून आपणहून निघून समोरून येणाऱ्या टेलरच्या इंजिनावर जाऊन आदळलेलं. काकांच्या इंजिनाला ओरखडाही नाही. टेलरचं हलकं हिरवं इंजिन टेबलावरून खाली. धुराडं तुटलेलं, कवचाला उभा तडा. क्लबाचे सेक्रेटरी, पेशाने दातांचे डॉक्टर, ते बाजूच्या रुळावर कुणाचं तरी नवं इंजिन तपासत होते. त्यांनी घाबरून सगळ्या टेबलांची वीज बंद केली, त्यामुळे कंट्रोलरही सगळे विझले. कुणी कुठला नंबर दाबला होता ते बघायची सोयच उरली नाही.

काकांना बघायची गरजही वाटली नाही. “तू मध्ये कंट्रोलर खाली ठेवला होतास?”

“चहा घ्यायला ठेवला होता,” टेलर म्हणाला. “मग उचलला, परत नंबर दाबला.”

“काय दाबलंस?”

“बारा.” त्याने विझलेल्या कंट्रोलरकडे बघितलं. “बहुतेक.”

“बहुतेक! बाराच्या जागी एकवीस दाबलंस, दुसरं काय! शी! डोळे आहेत की बटणं शिवलीत?”

लोक हसले. बटणं म्हटल्यावर हसणारच. टेलरही हसायला गेला, पण ते जमलं नाही. त्याने गुडघे टेकून टेबलाखालचे तुकडे गोळा केले, धुराडं सापडेना म्हणून बराच वेळ तिथेच शोधत राहिला, आणि उठून म्हणाला, “असेल बाबा. चष्म्याचा नंबर वाढला असेल.” तो गेला तो क्लबात परत आला नाही. काकांनीही आपलं इंजिन डब्यात बंद करून वरच्या फळीवर टाकलं. ते बघितलं की तो सगळा गबाळेपणा आठवायचा आणि तोंड कडू व्हायचं.

पाच महिने गेले. एका सकाळी काकांनी फळी आवरायला काढली आणि ते इंजिन खाली घेतलं. रुळावर ठेवलं, एकवीस दाबलं. इंजिन ढिम्म. परत दाबलं. चाकं पुसली, रूळ पुसला, परत दाबलं. मग त्यांनी ते तपासणीच्या रुळावर ठेवलं आणि चिपलाच तिचा नंबर विचारला.

तीन.

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा विचारलं. तीनच.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि त्यांना ती आठवायला नको होती. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी स्पीकर खरखरत होता. म्हणून त्यांनी चिपची पाटी कोरी केली, आवाज नव्याने भरला, ऐकून बघितला, छान झाला होता. आता एकवीस नंबर घालायचा, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. टेलरच्या इंजिनातून दोन महिन्यांपूर्वी काढलेले दोरे त्यावर तसेच मांडून ठेवले होते. ते बघून काकांना असा संताप आला की तिथल्या तिथे त्यांनी एक चिठ्ठी लिहायला घेतली. ‘कापायच्या टेबलावर रूळ मांडू नये. हे शेवटचं सांगणं.’ खाली दोन रेघा मारल्या. चिठ्ठी लिहून झाली, राग उतरला, इंजिनाचं कवच लावून टाकलं.

म्हणजे प्रदर्शनात सेक्रेटरींनी बाजूच्या रुळावर नव्या इंजिनासाठी तीन दाबलं, हुकूम जोडलेल्या सगळ्या रुळांतून गेला, आणि स्टेशनात उभं असलेलं काकांचं इंजिनही ‘आलो’ म्हणून निघालं. टेलरने बाराच दाबलं होतं. टेलरचं काहीही चुकलं नव्हतं.

खोलीत कुणी नव्हतं. काकांनी दाराकडे बघितलं, उठून ते लोटून घेतलं, आणि खुर्चीत बसून एकवीस नंबर घालून टाकला. पाच बटणं दाबायची होती, अर्धं मिनिटही लागलं नाही. मग एकवीस दाबलं तर इंजिन शहाण्यासारखं पुढे गेलं, छोटीशी शिट्टी मारली. काकांनी ते डब्यात घातलं आणि डबा फळीवर ठेवला. पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. कोण विचारायला बसलंय?

दुपारी बायको बाहेरून आली ती हातातली पिशवी खुर्चीवर आपटतच.

“अहो, तुमच्या कोटाचं कापड परत आणलंय. टेलरभाऊजी आता कापत नाहीत म्हणे.”

“कापत नाही म्हणजे?”

“म्हणजे कात्री जावयाच्या हातात दिली. आपण बसतात कोपऱ्यात, काजं करतात, बटणं लावतात. म्हणाले, वहिनी, क्लबात साधा दोन आकडी नंबर मला वाचता आला नाही. उद्या कुणाचं महागाचं कापड वाकडं कापलं तर काय तोंड दाखवू? आणि जावयाची कापणी मी बघून आले. त्याच्याकडे तुमचा कोट मी देणार नाही.” बोलता बोलता तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. “तुम्हाला काय झालं? चेहरा का उतरलाय?”

“काही नाही. पित्त झालंय.”

पित्त नव्हतंच. जेवायला बसले ते ताट अर्धवट टाकून उठले. आयुष्यभर लोकांच्या इंजिनांत बघून जी किळस यायची, तीच आता स्वतःची येत होती, आणि यावेळी कागदावर मांडून कुणाला बोलावून दाखवायची सोय नव्हती. दार लोटून घेतलं होतं, ते सारखं आठवत होतं. चूक झाली ती झाली, पण दार लोटलं! दोन दिवस त्यांनी हातात घेतलेलं एकही काम धड झालं नाही. तिसऱ्या दिवशी कापड काखेत मारलं, इंजिनाचा डबा हातात घेतला आणि दोन गल्ल्या ओलांडल्या.

दुकानात जावई पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होता. टेलर मागच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, मांडीवर कुणाचा तरी काळा कोट घेऊन बसला होता. काकांना बघून त्याने स्टूल सरकवलं.

काकांनी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून एकदम निघालं, “चूक माझी होती. तू बाराच दाबलं होतंस. माझं इंजिन तीनवर राहिलं होतं.”

टेलरने सुई थांबवली. मग मान हलवली आणि पुन्हा टाका घातला. “वहिनींनी पाठवलं वाटतं तुला.”

“कुणी पाठवलं नाही! मी खरं सांगतोय.”

“अरे, तू आणि तीन नंबर विसरणार? जगबुडी झाली तरी तू विसरणार नाहीस. उगाच माझ्या समाधानासाठी खोटं बोलू नकोस. तुला ते जमतही नाही.”

“हे बघ, तपासून बघ...” काकांनी डबा उघडला आणि तिथेच थांबले. काय तपासणार? आत एकवीस होतं. त्यांनीच घातलं होतं. “होतं तीन. परवा बघितलं मी. मग बदलून टाकलं.”

“का?”

काकांनी डब्याचं झाकण परत लावलं.

टेलर पहिल्यांदा मोकळा हसला. “बघ. जुळवाजुळव करतोयस. बरं वाटलं रे, पण राहू दे. माझं वय झालं, डोळे गेले, मी ते मान्य केलंय. घरच्यांनीही केलंय. आता पुन्हा नको.”

बोलताना दोरा संपला. त्याने रिळावरून काळा दोरा तोडला, टोक ओठांत ओलं केलं, बोटांत चपटं केलं, बारीक सुई वर धरली आणि ओवली. खिडकीतून उजेडही धड येत नव्हता. काळा दोरा, केसाएवढं भोक, आणि पहिल्या खेपेला आरपार. गाठ मारून तो काज करायला लागलाही.

काका बघत राहिले. “हे तू आत्ता काय केलंस?”

“काय केलं?”

“सुई ओवलीस.”

“मग? सुई ओवल्याशिवाय काज कसं करणार?”

“दिवसातून किती वेळा ओवतोस?”

“मोजतंय कोण? पन्नास वेळा.”

“गाढवा!” काका एवढ्या मोठ्याने ओरडले की पुढचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. “कंट्रोलरवरचा आकडा अंगठ्याएवढा असतो! ते भोक तुला दिसतं आणि तो आकडा दिसला नाही? पाच महिने रोज पन्नास वेळा ओवतोयस आणि तुझ्या डोक्यात प्रकाश पडत नाही?”

टेलरचा हात थांबला. त्याने सुई डोळ्यांसमोर धरली. मग लांब धरली. मग पुन्हा जवळ आणली. भोकातला दोरा त्याला दिसत होता, दोऱ्याचे सुटलेले दोन तंतूसुद्धा दिसत होते. हळूहळू त्याचा चेहरा लाल व्हायला लागला. जावई काहीतरी विचारायला मागे आला होता, तो तसाच उभा राहिला.

“म्हणजे तू खरं बोलतोयस.”

“हो.”

“परवा कळलं तुला. आणि तू नंबर बदलून टाकलास.”

“हो.”

“दडवायला.”

काकांनी मान खाली घातली. “दार लावून,” ते म्हणाले. एवढं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आता अर्धवट सांगायची त्यांनाच शिसारी आली.

टेलर त्यांच्याकडे बघत राहिला. बावीस वर्षांत हा माणूस कुणाला वाकडा शब्द बोललेला नव्हता. गिऱ्हाईक बुडवून गेलं तरी नाही, काकांनी चारचौघांत टिंगल केली तरी नाही. त्याने मांडीवरचा कोट बाजूला ठेवला आणि म्हणाला, “शी!”

मोठ्याने नव्हे, सावकाश म्हणाला. काकांनी तो शब्द हजार वेळा वापरला होता, पण समोरून ऐकला नव्हता कधी. कानशील तापलं. उठून जावंसं वाटलं, पण ते बसून राहिले, कारण उठून जायचा हक्क आपल्याला नाही एवढं त्यांना कळत होतं.

“कापड आण इकडे,” टेलर म्हणाला. “आणि जावईबापू, माझी कात्री द्या.”

“तुम्हाला जमेल ना?” जावई म्हणाला.

“कात्री द्या म्हटलं ना.”

त्याने टेबल झटकलं, कापड पसरलं, हाताने सपाट केलं, खडूने रेघा मारल्या. टेप घेतला नाही. काकांनी विचारलं तर म्हणाला, “तुझी मापं मला पाठ आहेत. पोटाला दोन बोटं वाढवायची, एवढंच.” पहिला काप देताना त्याने क्षणभर श्वास रोखला. तो काकांना ओळखीचा होता, तांदळाएवढ्या जागेत डाग लावताना ते स्वतः तसाच रोखायचे. मग कात्री चालली ती रेघेवरून तसूभर न ढळता टोकापर्यंत गेली. जावई बघतच राहिला. टेलरने नाक ओढलं, बाहीने तोंड पुसलं आणि दुसरी बाजू कापायला घेतली.

कापून झाल्यावर त्याने टेबलाखालून चपलांचं खोकं काढून काकांच्या मांडीवर ठेवलं. आत हिरवं इंजिन होतं, आणि कागदाच्या पुडीत तुकडे.

“रविवारी क्लबात हे सगळ्यांसमोर सांगायचं. दाराचंसुद्धा. मी पुढच्या रांगेत बसून ऐकणार आहे.”

“सांगेन.”

“आणि हे नीट करून द्यायचं. पण उघडल्यावर तुझं ते नेहमीचं म्हणायचं नाही. एकदाही नाही.”

काका घरी आले, मागच्या खोलीत गेले, दार उघडंच ठेवलं. बायको चहा घेऊन आली आणि उंबऱ्यात थांबली. त्यांनी चार स्क्रू काढले, तडा गेलेलं कवच अलगद उचललं, चष्मा नाकावर घेतला, आत डोकावले. चाकांच्या दांडीला लाल दोरा, त्यावर निळा, त्यावर काळा, घट्ट गुंडाळलेले. काकांचं तोंड उघडलं.

बायको वाट बघत होती. चहावर साय धरली, तरी तिला काही ऐकू आलं नाही. मग काकांनी चिमटा उचलला आणि पहिलं टोक शोधायला लागले.